लिंक उघडली पाहिजे, ओळी सुट्या दिसल्या पाहिजेत : पॉडकास्टचं डिस्क्रिप्शन नीट कसं लिहायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत मी फोनच्या स्क्रीनवर भराभर दाखवलं, आणि बऱ्याच जणांचा एकच निरोप आला – "सर, जरा लिहून द्या, थांबून थांबून बघावं लागतंय." म्हणून हा पाठ. विषय छोटा वाटेल. पॉडकास्टचा भाग टाकताना खाली एक चौकोन असतो, त्यात आपण दोन ओळी लिहितो, लिंक चिकटवतो आणि मोकळे होतो. पण आपला ऐकणारा ग्राहक होतो की नाही, ते त्याच चौकोनात ठरतं. हे मला कसं कळलं ते आधी सांगतो. चूक माझी आहे, त्यामुळे सांगायला लाज वाटते, पण सांगितलीच पाहिजे.

फुलंब्री तालुक्यातला एक महिला बचत गट माझ्या वर्गाला यायचा. फराळ आणि मसाले करतात. त्यांनी आठ-आठ मिनिटांचा पॉडकास्ट सुरू केला होता. चिवड्याचे पोहे कसे निवडायचे, काळा मसाला भाजताना धूर कधी बघायचा, असं सगळं घरच्या बोलीत. दिवाळीच्या आधीचा भाग तर फारच गोड झाला होता. डिस्क्रिप्शन मी स्वतः टाकून दिलं. त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर उचलला, चिकटवला, पब्लिश केलं. तपासलं ते माझ्या लॅपटॉपवर, होस्टिंगच्या पानावरच. तिथे लिंक निळी दिसत होती. मी म्हटलं झालं काम.

दिवाळी झाल्यावर गटातल्या एका ताईंचा फोन आला. "सर, पुण्याची एक बाई म्हणाली, तुमची लिंक दाबली की कोरं पान येऊ लागलंय." मी फोनवर उघडून बघितलं. खरंच होतं. मजकुरात लिहिलं होतं "ऑर्डरसाठी अमुक-अमुक पत्त्यावर जा", आणि त्यातला "वर" हा शब्द पत्त्याला चिकटून लिंकच्या पोटात गेला होता. पत्ताच चुकला म्हटल्यावर पान कुठून उघडणार? उरलेला फराळ त्यांनी आठवडी बाजारात कमी भावात काढला. मला कोणी काही बोललं नाही. ताई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळेला आधी आमच्या फोनवर बघू सर." तेव्हापासून माझा नियम तोच आहे, आणि या पाठाचा शेवटही तिथेच होणार आहे.

आधी समजून घ्या : तुमचा मजकूर जातो कुठे?

तुम्ही होस्टिंगच्या पानावर जे लिहिता, ते थेट ग्राहकाच्या फोनवर जात नाही. मधे एक फाइल असते, तिला फीड म्हणतात. ही फीड आरएसएस २.० नावाच्या पद्धतीने लिहिलेली असते. ही पद्धत २००२ सालची आहे, म्हणजे आत्ताच्या स्मार्टफोनच्याही आधीची. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले, तेव्हापासून तीच फीड सगळीकडे चालते. तुमच्या भागाचं नाव, ऑडिओ फाइलचा पत्ता, तारीख आणि डिस्क्रिप्शन, सगळं त्या एका फाइलमध्ये असतं. ॲपल पॉडकास्ट असो की दुसरं कुठलं ॲप, प्रत्येक जण ती फाइल वाचतो आणि आपल्या पद्धतीने दाखवतो.

इथेच गोम आहे. "आपल्या पद्धतीने" म्हणजे काय, तर एखादं ॲप ठळक अक्षर दाखवतं, दुसरं ते काढून टाकतं. एक ॲप साध्या पत्त्याला आपोआप लिंक करतं, दुसरं करत नाही. डिस्क्रिप्शनमध्ये एचटीएमएल चालतं एवढं आरएसएसचा नियम सांगतो, पण नेमके कोणते टॅग चालतील याची सगळ्यांना बांधील अशी यादी नाही. म्हणून आपण लिहायचं ते असं, की सगळी सजावट निघून गेली तरी मजकूर वाचता आला पाहिजे. लग्नाच्या पत्रिकेवरची झालर फाटली तरी मुहूर्त आणि पत्ता वाचता यायला हवा ना, तसंच.

(या पाठात टॅगांची नावं मी देवनागरीतच लिहितोय. खरे टॅग इथे टाकले तर हे पानच ते गिळून टाकतं आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. फीडमध्येही हाच प्रकार होतो, म्हणून लक्षात ठेवा.)

चूक पहिली : व्हॉट्सॲपचे तारे

आपल्याला सवय लागली आहे. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा टाकला की व्हॉट्सॲपवर तो ठळक होतो. अंडरस्कोर टाकला की तिरपा होतो. ही व्हॉट्सॲपची स्वतःची खूण आहे. पॉडकास्टच्या फीडला ती कळत नाही. तिथे तारे तारेच राहतात. "*दिवाळी स्पेशल*" असं लिहिलेलं ग्राहकाला जसंच्या तसं ताऱ्यांसकट दिसतं, आणि दुकानाची पाटी अर्धवट रंगवून सोडल्यासारखं वाटतं.

उपाय सोपा आहे. मजकूर व्हॉट्सॲपवरून उचललात तर आधी तारे, अंडरस्कोर, लाटेच्या खुणा काढा. ठळक करायचंच असेल तर होस्टिंगच्या चौकोनावर जे ठळक करायचं बटण असतं ते वापरा. पण ठळकपणावर भरवसा ठेवू नका. महत्त्वाची गोष्ट ठळक करण्यापेक्षा वर आणा. पहिल्या ओळीत असलेली साधी अक्षरं दहाव्या ओळीतल्या ठळक अक्षरांपेक्षा जास्त वाचली जातात.

इमोजीचंही तेच. एक-दोन चालतात. पण दर ओळीच्या सुरुवातीला दिवा, फटाका, हात जोडलेले, असं करू नका. ज्यांना दिसत नाही ते फोनकडून मजकूर वाचून घेतात. फोन त्यांना प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्याने वाचून दाखवतो. तुमचा पत्ता येईपर्यंत माणूस कंटाळून जातो.

चूक दुसरी : एंटर मारला म्हणजे ओळ तुटली असं समजणं

एचटीएमएलमध्ये तुम्ही कितीही वेळा एंटर मारा, त्याची किंमत एका मोकळ्या जागेएवढीच. म्हणून होस्टिंगच्या पानावर छान सुट्या दिसणाऱ्या ओळी एखाद्या ॲपमध्ये गेल्या की सगळ्या एकमेकींना चिकटतात. पत्ता, वेळ, फोन, किंमत, सगळी भेळ.

ओळ खरोखर तोडायची असेल तर परिच्छेदाचा टॅग लागतो, ज्याला आपण "पी टॅग" म्हणतो. ज्या होस्टिंगवर वर्डसारखी बटणं आहेत, तिथे एंटर मारल्यावर हा टॅग मागच्या बाजूला आपोआप पडतो. ज्या होस्टिंगवर नुसता कोरा चौकोन आहे, तिथे तो हाताने टाकावा लागतो. तुमच्याकडे काय आहे ते ओळखायचं कसं? तीन ओळींचा मजकूर टाका, पब्लिश करा आणि दोन वेगळ्या ॲपमध्ये बघा. ओळी सुट्या दिसल्या तर ठीक. चिकटल्या तर होस्टिंगच्या मदत केंद्राला एकच प्रश्न विचारा : "डिस्क्रिप्शनमध्ये एचटीएमएल चालतं का?"

आणखी एक बारीक गोष्ट. भागांच्या यादीत ॲप तुमच्या मजकुराच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दाखवतं, आणि बऱ्याचदा टॅग काढून दाखवतं. तेव्हा पहिला परिच्छेद आणि दुसरा परिच्छेद जोडले जातात. म्हणून प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी पूर्णविराम द्या. शीर्षकासारखी ओळ असली तरी द्या. नाहीतर "आजचा विषय काळा मसाला साहित्य धणे खोबरं" अशी आगगाडी तयार होते.

कोणते टॅग सुरक्षित?

ॲपलने आपल्या मार्गदर्शनात भागाच्या डिस्क्रिप्शनसाठी मोजकेच टॅग सांगितले आहेत : परिच्छेदाचा पी, आकड्यांच्या यादीचा ओएल, ठिपक्यांच्या यादीचा यूएल, यादीतल्या प्रत्येक ओळीचा एलआय आणि लिंकचा ए. एवढेच पाच. आपणही एवढ्यावरच राहू. मोठं शीर्षक, रंग, तक्ता, चित्र यातलं काही डिस्क्रिप्शनमध्ये टाकू नका. टाकलं तर कुठे दिसेल, कुठे गळेल, आणि जिथे गळेल तिथे नेमका तुमचा चांगला ग्राहक असेल.

फीड हाताने लिहिणारे थोडेच असतात, पण तुमच्यापैकी काही जण स्वतःच्या वेबसाइटवरून फीड काढता, त्यांच्यासाठी : टॅग असलेला मजकूर "सीडेटा" नावाच्या वेष्टनात ठेवायचा. त्याचा अर्थ, वाचणाऱ्या यंत्राला आपण सांगतो, "बाबा रे, या पाकिटातलं जसंच्या तसं घे, फोडू नकोस." वेष्टन नसेल आणि मजकुरात मोकळं & चिन्ह आलं, तर सगळी फीड मोडू शकते. एक भाग नाही, सगळे भाग. "पापड & लोणचं" असं हौसेने लिहिलेलं महागात पडतं. मराठीत "आणि" हा चांगला शब्द आहे, तो वापरा.

लिंकचे सहा नियम

हा या पाठाचा गाभा आहे. सावकाश वाचा.

१. पत्त्याला मराठी प्रत्यय चिकटवू नका. इंग्रजीत ही अडचण येत नाही, आपल्याकडे हमखास येते. आपली भाषाच अशी आहे, नामाला "ला", "वर", "मध्ये", "हून" चिकटतं. आणि आता वेब पत्त्यांत देवनागरी अक्षरंही चालतात. डॉट भारत हे डोमेन २०१४ पासून आहे. त्यामुळे पत्त्याला लागून आलेलं "वर" हा पत्त्याचाच भाग असावा, असं एखादं ॲप समजतं. यात ॲपची चूक नाही. पत्ता नेहमी स्वतंत्र ओळीवर लिहा, मागेपुढे काही नको. पूर्णविरामाचा नियम मी वर सांगितला, त्याला हा एक अपवाद : नुसत्या पत्त्याच्या शेवटी पूर्णविरामही नको. "ऑर्डर इथे द्या :" अशी ओळ, आणि खाली एकटा पत्ता.

२. पत्त्याची सुरुवात पूर्ण लिहा. एचटीटीपीएस, कोलन, दोन तिरप्या रेघा. ते नसेल तर लिंकचा टॅग तुमच्या पत्त्याला बाहेरचा पत्ता न मानता त्याच पानाचा एक कोपरा मानतो, आणि ग्राहक भलतीकडे जातो.

३. अवतरणचिन्हं सरळ असू द्या. लिंकचा टॅग हाताने लिहिताना पत्ता अवतरणात ठेवावा लागतो. फोनचा कीबोर्ड आणि वर्ड आपोआप वळणदार अवतरणं टाकतात. माणसाला ती सुंदर दिसतात, यंत्राला ती अवतरणं वाटतच नाहीत. लिंक मोडते. टॅग लिहिताना नोटपॅडसारखी साधी जागा वापरा.

४. लिंकवर शब्द लिहा, पण अर्थाचे. "इथे क्लिक करा" यातून काय कळतं? "फराळाची किंमत यादी पाहा" लिहिलं की दाबायच्या आधीच माणसाला कळतं. आणि ज्या ॲपमध्ये लिंकचा टॅग गळतो, तिथे फक्त शब्द उरतात, पत्ता जातो. म्हणून सगळ्यात महत्त्वाची एक लिंक दोन्ही पद्धतीने द्या. एकदा शब्दांवर, आणि एकदा अगदी शेवटी उघडा पत्ता म्हणून.

५. पत्ता लहान ठेवा, इंग्रजी अक्षरांत ठेवा. वेबसाइटच्या पानाला मराठी नाव दिलं तर वाचायला बरं वाटतं, पण तोच पत्ता कॉपी केल्यावर काय होतं बघा. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह टक्क्यांच्या खुणांनी लिहिताना नऊ जागा घेतं. "दिवाळी-फराळ" एवढंच नाव पत्त्यात ९१ जागा खातं. डिस्क्रिप्शनमध्ये ते एखाद्या बिघडलेल्या पावतीसारखं दिसतं. शिवाय पॉडकास्ट हा ऐकायचा प्रकार आहे. पोळ्या लाटता लाटता ऐकणारी बाई स्क्रीनला हात लावणार नाही. पत्ता तोंडाने सांगता आला पाहिजे आणि एकदा ऐकून लक्षात राहिला पाहिजे.

६. व्हॉट्सॲपची लिंक नीट करा. आपल्यापैकी बहुतेकांचं दुकान व्हॉट्सॲपवरच चालतं. "डब्ल्यूए डॉट एमई" या पत्त्यापुढे तिरपी रेघ, मग ९१ आणि मग दहा आकडी नंबर, सगळं सलग. अधिकचं चिन्ह नको, आधी शून्य नको, मधे जागा नको, आडवी रेघ नको. आकडे इंग्रजीच. व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर त्यातल्या बिझनेस टूल्समध्ये शॉर्ट लिंक तयार मिळते, तीच उचला.

इथे एक थांबा. नंबर कोणाचा देताय? फीड ही उघडी फाइल असते. कितीतरी ॲप आणि यादीवाले तिची नक्कल घेऊन ठेवतात. तुम्ही नंतर नंबर काढला तरी ती नक्कल कुठेतरी राहते. बचत गटातल्या ताईंचा घरचा नंबर त्यात जाऊ देऊ नका. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, आणि तोच द्या. रात्री अकराला अनोळखी माणसाचा फोन आला की घरच्यांची कुरकुर सुरू होते, आणि चांगला चाललेला धंदा त्या एका कारणाने बंद पडतो.

किती लिहायचं? अक्षरं मोजू नका, बाइट मोजा

हे मराठीत कुठे सांगितलेलं मला सापडलं नव्हतं, म्हणून जरा खोलात सांगतो.

ॲपलने पॉडकास्टच्या मुख्य डिस्क्रिप्शनला, म्हणजे सगळ्या मालिकेच्या ओळखीला, ४००० बाइटची मर्यादा दिली आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला बाइट म्हणजे अक्षर, काही फरक पडत नाही. आपल्याला पडतो. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. आणि चिन्ह म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळं वेगळं मोजायचं.

"मराठी" बघा. म, र, काना, ठ, वेलांटी. पाच चिन्हं, पंधरा बाइट. "श्री" एकच अक्षर वाटतं, पण श, पाय मोडायची खूण, र, वेलांटी असे चार, म्हणजे बारा बाइट. "छत्रपती संभाजीनगर" देवनागरीत ४९ बाइट. तेच इंग्रजी अक्षरांत २५.

हिशोब करा. ४००० भागिले ३ म्हणजे साधारण १३३३ चिन्हं. आपल्या नेहमीच्या लिखाणात साधारण दोनशे शब्द. टॅगही त्यातच मोजले जातात असं धरून चाला. म्हणून मालिकेची ओळख दीडशे शब्दांत संपवा. भागाच्या डिस्क्रिप्शनलाही हीच शिस्त लावा. कापलं जातं ते नेहमी शेवटून कापलं जातं, आणि आपण नंबर नेहमी शेवटी लिहितो. म्हणजे कापला जातो तो नेमका नंबरच. माझं सांगणं : पहिल्या परिच्छेदात विषय, दुसऱ्यात ऑर्डरची लिंक, बाकी सगळं नंतर.

तुमच्याकडे जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर असेल, छापखान्यातून आलेलं पत्रक वगैरे, तर तो चिकटवू नका. त्या फॉन्टमध्ये मागे इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी मुखवटा असतो. फीडमध्ये मुखवटा गळतो आणि अगम्य अक्षरं दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. फोनवर बोलून टाइप केलात तरी चालेल, फक्त नंतर वाचा.

शहराचं नाव : दोन्ही लिहा

आपल्या शहराचं नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. पण शोधणारा माणूस काय टाइप करेल ते आपल्या हातात नाही. परदेशातला माणूस, जुनं नकाशाचं ॲप, अजिंठा-वेरूळ बघायला निघालेला पर्यटक अजूनही औरंगाबाद टाइप करतो. तुमचं दुकान गुलमंडीत असो की सिडकोत, मालिकेच्या ओळखीत एकदा "छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)" असं लिहा. यात वाद घालायचं कारण नाही, ग्राहकाला रस्ता सापडला पाहिजे. प्रत्येक भागात मात्र तेच तेच कोंबू नका. एकदा पुरे.

वेळेचे टप्पे

भाग पंधरा-वीस मिनिटांच्या वर गेला की टप्पे द्या. कितव्या मिनिटाला काय, एका ओळीत एक. आकडे इंग्रजी लिहा, कारण मराठी आकड्यांतली वेळ ॲप ओळखेलच असं नाही. यूट्यूबवर तेच टप्पे चॅप्टर व्हायला हवे असतील तर पहिला टप्पा शून्य मिनिट शून्य सेकंदाचा, किमान तीन टप्पे, क्रमाने, आणि प्रत्येक किमान १० सेकंदांचा.

यूट्यूबचा विषय निघाला म्हणून सांगतो : तिथल्या डिस्क्रिप्शनमध्ये एचटीएमएल चालत नाही, टॅग टाकू नका. तिथे मर्यादा ५००० अक्षरांची आहे. आणि शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमधल्या लिंक ऑगस्ट २०२३ पासून दाबताच येत नाहीत. शॉर्ट्समध्ये पत्ता बोलून सांगा. म्हणजे एकच मजकूर दोन्हीकडे चिकटवायचा नाही. पॉडकास्टचा वेगळा, यूट्यूबचा वेगळा.

नमुना : पैठणीवाल्या दादांचं डिस्क्रिप्शन

वर्गात पैठणचे एक विणकर दादा येतात. त्यांनी आधी असं लिहिलं होतं :

"*नमस्कार मंडळी* आजच्या भागात आम्ही घेऊन आलो आहोत तुमच्यासाठी एक खास विषय तो म्हणजे पैठणी *अस्सल* कशी ओळखायची तर नक्की ऐका शेअर करा लाईक करा ऑर्डरसाठी अमुकपत्त्यावर जा किंवा फोन करा *धन्यवाद*"

यात चुका काय ते आता तुम्हीच सांगाल. तारे आहेत. ओळी नाहीत. पहिल्या ओळीत विषयच नाही, नुसता नमस्कार. लिंकला "वर" चिकटलाय. आणि दादा माणूस म्हणून केवढे जाणकार आहेत, ते कुठेच दिसत नाही.

आम्ही बसून हे केलं :

"हातमागावरची पैठणी ओळखायची असेल तर आधी पदर उलटा करून बघा. मोर आणि मुनिया दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात की मागे सुटे धागे लोंबतात, ते या भागात ऐका.

पैठणच्या मागावरून : रंग आणि किमती पाहा. [या शब्दांवर लिंक]

या भागात :
• हातमाग आणि यंत्रमाग यातला फरक
• जरी तपासताना काय विचारायचं
• नारळी काठ म्हणजे काय
• साडी घडी करून वर्षानुवर्षं ठेवली तर काय होतं

पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. विकत घेताना हातमागाची खूण आणि पक्की पावती मागा.

व्हॉट्सॲपवर बोलायचं असेल तर :
[एकट्या ओळीवर व्हॉट्सॲपची लिंक]"

बघा, फक्त मांडणी बदलली आणि पहिल्या वाक्यात दादांची विद्या आली. पदर उलटा करून बघायची गोष्ट वाचली की माणूस थांबतो. दादा म्हणाले, "हे तर मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो, लिहायचं सुचलं नव्हतं." तेच तर लिहायचं असतं. दुकानात तोंडाने जे पहिलं सांगता, तेच पहिल्या ओळीत.

खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांनी शेवटच्या परिच्छेदात एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर जरूर द्यावा. लांबून ऑर्डर देणाऱ्याला त्याने धीर येतो.

आधीच चुकलं असेल तर?

घाबरू नका, आणि भाग डिलीट करू नका. होस्टिंगवर जाऊन फक्त डिस्क्रिप्शन बदला. प्रत्येक भागाला फीडमध्ये एक कायमचा ओळखक्रमांक असतो. तो तसाच राहिला तर ॲप समजतात की जुनाच भाग आहे, मजकूर तेवढा नवा. डिलीट करून पुन्हा टाकलात तर नवा क्रमांक पडतो, ऐकणाऱ्यांना तोच भाग पुन्हा नवीन म्हणून दिसतो आणि लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या जुन्या लिंक मरतात. बदल सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो. संध्याकाळी बदललंत तर दुसऱ्या दिवशी बघा, लगेच दिसलं नाही म्हणून पाच वेळा बदलत बसू नका.

फीड मोडली आहे असा संशय असेल तर डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं फीड तपासायचं मोफत पान आहे. फीडचा पत्ता टाका, चूक कितव्या ओळीत आहे ते दाखवतं.

पब्लिश केल्यावरची पाच मिनिटं

१. स्वतःच्या फोनवर नको, दुसऱ्याच्या फोनवर उघडा. एक अँड्रॉइड, एक आयफोन मिळाला तर उत्तम.
२. यादीत दिसणाऱ्या पहिल्या दोन ओळी मोठ्याने वाचा. विषय कळला का?
३. प्रत्येक लिंक बोटाने दाबा. निळी दिसते म्हणून सोडू नका. मी तिथेच फसलो.
४. व्हॉट्सॲपच्या लिंकवरून खरोखर एक "नमस्कार" पाठवा. कोणाच्या फोनवर वाजला?
५. शेवटची ओळ शोधा. ती दिसते आहे की मधेच कापली गेली?

गृहपाठ

तुमच्या सगळ्यात जास्त ऐकल्या गेलेल्या भागाचं डिस्क्रिप्शन आज उघडा. नवा भाग नको, जुनाच. वरच्या पाच गोष्टी तपासा, दुरुस्त करा. ज्यांचा पॉडकास्ट अजून सुरू नाही, त्यांनी आपल्या एका मालाबद्दल ऐंशी शब्द लिहा, आणि पहिलं वाक्य असं लिहा जे तुम्ही गिऱ्हाइकाला समोर उभं असताना सांगता. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही घेऊन आपण जाहीर दुरुस्ती करू. नंबर झाकून, अर्थातच.

आणि फुलंब्रीच्या ताई? संक्रांतीच्या तिळगुळाचा भाग आला तेव्हा त्यांनी पब्लिशचं बटण मला दाबू दिलं नाही. आधी गटातल्या सहा जणींनी सहा फोनवर मसुद्यातली प्रत्येक लिंक दाबून बघितली. एकीच्या फोनची काच फुटलेली होती, तिच्यावरही उघडली. मग पब्लिश केलं, आणि पुन्हा सहा फोनवर तपासलं. त्या दिवशी पहिली ऑर्डर नाशिकहून आली.

तुम्हीही तसंच करा. भेटू पुढच्या पाठात.